बघितलं की गप्प होणारं

दुपारी सव्वातीनच्या सुमाराला इंदिराबाई कोठावद्यांचा कॉम्प्युटर एकाएकी किंचाळायला लागला.

त्या आतल्या खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या. आधी त्यांना वाटलं, खाली जेल रोडवर रुग्णवाहिका अडकली असेल. मग लक्षात आलं, आवाज आपल्याच घरातून येतोय. पक्ष्यांचे आवाज नीट ऐकू यावेत म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला चांगले दणदणीत स्पीकर लावून घेतले होते, आणि आता त्या स्पीकरांमधून भोंगा वाजत होता. पडदा लालभडक. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इशारा होता: पाच घातक व्हायरस सापडले आहेत, कॉम्प्युटर बंद करू नका, बंद केलात तर सगळी माहिती कायमची नष्ट होईल, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. भोंग्याच्या मधूनमधून एक बाई हेच हिंदीत बजावत होती.

‘सगळी माहिती’ हे शब्द इंदिराबाईंनी दोनदा वाचले.

नाशिक रोडच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. आणि गेले एकोणीस हिवाळे त्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर जाऊन पक्षी मोजत होत्या. कोणत्या तारखेला किती चक्रवाक उतरले, थापट्या बदकं कधी आली, कोणत्या वर्षी क्रौंच फिरकलेच नाहीत, सगळं तारीखवार लिहिलेलं. शिवाय एकेचाळीस हजार फोटो. यजमान गेल्यापासून त्यांच्या संध्याकाळी याच टेबलापाशी जात. हे सगळं त्या एका काळ्या डब्यात होतं, आणि तो डबा आता ठणाणा करत होता.

त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. “माताजी, घबराइये मत,” म्हणाला. कंपनीतून बोलतोय, म्हणाला. त्यानं सांगितलं तसं त्यांनी एक छोटं ॲप उतरवून घेतलं. ते उघडलं तसा कोपऱ्यात नऊ आकडी नंबर दिसायला लागला. तो वाचून दाखवा, म्हणजे आम्ही इथूनच तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, असं तो म्हणाला.

“चार,” इंदिराबाई वाचू लागल्या, “सात, एक, एक, शून्य, आठ...”

“बाई, फोन ठेवा.”

दारात वाल्मीकराव उभे होते. दार नुसतं लोटलेलं होतं, भोंगा ऐकून ते जिना चढून आले होते. वाल्मीक गांगुर्डे म्हणजे खालच्या मजल्यावरचे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले गृहस्थ. अकरा वर्षांचा शेजार. त्यांची बायको तानुबाई रोज वर यायची, पण वाल्मीकरावांशी इंदिराबाईंचं बोलणं ‘पाणी आलं का’ आणि ‘लिफ्टवाला येऊन गेला का’ एवढ्यावरच असे. 

“अहो, कंपनीचे साहेब आहेत फोनवर, ते...”

“साहेब असू द्या. म्होरचा आकडा सांगू नका. ठेवा फोन.”

अकरा वर्षांत त्यांनी हा सूर कधी लावला नव्हता. इंदिराबाईंनी मुकाट्यानं फोन ठेवला.

वाल्मीकरावांनी आधी भिंतीवरच्या राउटरचं बटण बंद केलं. मग स्पीकरची कळ फिरवली. भोंगा थांबला. मग ते पडद्यासमोर उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि काहीच करेनात.

लाल पडदा तसाच. खाली आकडे उलटे मोजले जात होते. तीन मिनिटं राहिली, दोन मिनिटं छप्पन्न सेकंद राहिले. इंदिराबाईंचा जीव टांगणीला लागला.

“अहो, काहीतरी करा ना!”

“करतोय की. कोण वरडतंय ते बघतोय.”

बघून झाल्यावर त्यांनी एक बोट पुढे केलं आणि कीबोर्डच्या कोपऱ्यातली कळ दाबून धरली. लाल पडदा आक्रसला. त्याच्या कडेनं नेहमीची खिडकी दिसू लागली, वर पत्त्याची पट्टी, पट्टीत कुठल्यातरी वेबसाइटचं लांबलचक, अगम्य नाव.

“हे बघा. हे इंटरनेटचं एक पान हाय नुसतं. पडदाभर पसरून बसलं होतं. तुमचा कॉम्प्युटर काही बोलत नाय, त्याच्या तोंडाम्होरं कुणीतरी लाल पाटी धरली व्हती.” त्यांनी ते पान बंद केलं. मग ते नवं ॲपही काढून टाकलं. “तीन आकडे राहिले व्हते. ते सांगितले असते, तर तो मानूस इथं खुर्चीवर येऊन बसल्यासारखाच झाला असता.”

इंदिराबाई खुर्चीत बसल्या. त्यांना हसू येत होतं. “म्हणजे व्हायरस नव्हताच?”

“ह्या पानात नव्हता.”

“देवासारखे आलात. बसा, चहा टाकते.”

पण वाल्मीकराव बसले नाहीत. ते मान तिरपी करून उभे होते, लांबची गाडी ऐकावी तसे. मग खाली वाकून त्यांनी टेबलाखालच्या काळ्या डब्यावर तळहात ठेवला. बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

“बाई, आत्ता यात काय चालू हाय?”

“काहीच नाही. तुम्हीच बंद केलंत ना सगळं.”

“मंग याचा पंखा एवढा का पळतोय?”

इंदिराबाईंना ते जाणवलंसुद्धा नव्हतं. पंखा घरघरतच असे. कॉम्प्युटर जुना झाला, असं त्यांनी धरून चाललं होतं. कधीपासून, असं वाल्मीकरावांनी विचारलं तेव्हा आठवून त्या म्हणाल्या, “दिवाळीच्या आधीपासून असेल.”

वाल्मीकरावांनी तीन कळा एकदम दाबल्या. एक यादी उघडली. कॉम्प्युटर आतमध्ये कोणकोणती कामं करतोय आणि प्रत्येकाला किती ताकद लागतेय, हे त्यात दिसतं, असं त्यांनी सांगितलं. यादीत सगळं निवांत होतं. जेमतेम चार टक्के ताकद. आणि त्याच वेळी पंख्याचा आवाज उतरत गेला, उतरत गेला आणि जवळजवळ थांबला.

“झाला शांत,” इंदिराबाई म्हणाल्या.

वाल्मीकरावांनी यादी बंद केली आणि बोट तोंडावर ठेवून गप्प राहायची खूण केली. दोघंही ऐकत राहिले. खाली भंगारवाला ओरडत गेला. अर्धं मिनिट झालं असेल, पंखा हळूहळू चढायला लागला. चढत चढत पुन्हा पहिल्यासारखा घरघरू लागला.

त्यांनी यादी पुन्हा उघडली. पंखा उतरला. बंद केली. पंखा चढला. तिसऱ्यांदा उघडली, तेव्हा उतरणारा आवाज ऐकून इंदिराबाई पटकन पाय वर घेऊन बसल्या, टेबलाखाली खरंच काही असावं तशा.

“म्हणजे...” त्यांचा आवाज आपोआप लहान झाला, “आपण बघतोय, हे त्याला कळतंय?”

“कळतंय. बघायला लागलं की गप्प बसतंय. पाठ फिरवली की कामाला लागतंय.”

पुस्तकांत, माळावर, पाण्याकाठी इंदिराबाईंनी आयुष्यभर जिवंत गोष्टी पाहिल्या होत्या. पानासारखा दिसणारा किडा, लंगडण्याचं सोंग घेऊन घरट्यापासून लांब नेणारी टिटवी. पण इथे, मेथीच्या जुडीपासून दहा पावलांवर, आपल्याच टेबलाखाली काहीतरी दडून बसलंय, आपली चाहूल घेतंय, आणि दोन महिने आपण त्याच्यासमोर बसून चक्रवाक मोजतोय, हे त्यांना झेपेना. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं आश्चर्य होतं.

“रातकिड्यासारखं आहे हो,” त्या म्हणाल्या. “पाऊल वाजलं की किरकिर बंद.”

वाल्मीकरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसले. “बराबर. पन किरकिर एकदम बंद झाली म्हंजी तिथं रातकिडा हाय, हे पक्कं झालं ना.”

मग त्यांनी विंडोजबरोबर येणारी सुरक्षेची खिडकी उघडली. तिथे हिरवी खूण होती. सगळं ठीक आहे, काही करायची गरज नाही. इंदिराबाईंना हायसं वाटलं, पण वाल्मीकराव त्या हिरव्या खुणेवर थांबले नाहीत. ते एकेक पायरी आत शिरत गेले आणि एका यादीपाशी आले. ज्या जागा तपासायच्या नाहीत, त्या जागांची यादी. साधारणपणे ती रिकामी असते, ते म्हणाले. इथे एक ओळ होती. त्या एका ओळीत अख्खी सी ड्राइव्ह होती.

“पहारेकरी जागा हाय, बाई. पन त्याला सांगून ठेवलंय, घरात कुठंच बघायचं नाय. म्हनून तो बाहेर उभा राहून सगळं ठीक, सगळं ठीक म्हनतोय. हे कुनी केलं?”

इंदिराबाईंचे कान तापले. कारण त्यांना आठवलं. फोटो खुलवायचं एक महागडं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय म्हणून त्यांनी दिवाळीच्या आधी उतरवलं होतं. कसं बसवायचं, ते एक माणूस व्हिडिओत दाखवत होता. अँटीव्हायरस मध्ये येईल, घाबरू नका, तो असाच ओरडतो, असं म्हणून त्यानं इथे दाबा, तिथे दाबा सांगितलं, आणि इंदिराबाईंनी एकेक करून दाबलं होतं.

“मीच,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं. चौतीस वर्षं मुलांना सांगत आले, जेवणाआधी हात धुवा.”

वाल्मीकराव यावर रागे भरले नाहीत, की त्यांनी समजूतही घातली नाही. त्यांनी ती ओळ पुसली. “ज्या वस्तूला घरात यायला आधी पहारेकऱ्याचे डोळे बांधावे लागत्यात, ती वस्तू घरात घ्यायची नाय,” एवढंच म्हणाले, आणि कॉम्प्युटरला झडतीला लावलं. ही झडती साधी नव्हती. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होताना, आतलं कुणीही उठायच्या आधी, घ्यायची होती. उठून बसलेलं लपू शकतं, झोपलेलं लपू शकत नाही.

पाऊण तास लागला. तेवढ्यात चहा झाला. शेवटी तीन नावं निघाली. वाल्मीकरावांनी खिशातून डायरी काढून ती टिपून घेतली. एक जण कॉम्प्युटरची ताकद चोरून परदेशातल्या कुणासाठी रात्रंदिवस गणितं सोडवत होता आणि त्यातून त्याला डिजिटल नाणी मिळत होती. पंखा त्यानंच पळवला होता. दुसरा जाहिराती आणि असली लाल पानं दाखवत होता. तिसऱ्याचं नाव लिहिताना मात्र वाल्मीकरावांचं पेन थांबलं.

“हा पासवर्ड पळवनारा. तो भोंगा खोटा व्हता, बाई. खरं जे व्हतं, ते एक अक्षर बोलत नव्हतं.”

तिन्ही काढून टाकले. इंदिराबाईंना वाटलं, सुटलो. पण वाल्मीकरावांनी त्यांना मोबाइल घ्यायला सांगितला. मेलचा पासवर्ड बदलायचा, पण या कॉम्प्युटरवरून नाही, कारण आजारी माणसाच्या हातून स्वयंपाक करवून घ्यायचा नसतो. मोबाइलवरून बदलायचा, आणि आजवर जिथे जिथे मेल उघडा राहिलाय, तिथून सगळीकडून बाहेर पडायचं. पासवर्डनंतर फोनवर आकडा विचारायची सोयही त्यांनी सुरू करून दिली. हे चाललेलं असतानाच पाठवलेल्या पत्रांमध्ये इंदिराबाईंना एक पत्र दिसलं. मंगळवारचं. त्यांच्या नावानं, त्यांच्या पक्षीगणनेच्या गटातल्या सव्वीस जणांना गेलेलं. ‘यंदाच्या मोसमाची यादी सोबत आहे, उघडून पाहावी.’

“हे मी लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“नायच लिहिलं तुम्ही. आता मातर तुम्हालाच बोलावं लागंल.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं दाखवलेल्या बाईंनी त्या संध्याकाळी सव्वीस फोन केले. सव्वीस वेळा तेच सांगितलं: मी आळसानं आणि हावरटपणानं चुकीचं सॉफ्टवेअर घेतलं, माझ्या नावानं आलेली यादी उघडू नका. पहिले पाच फोन करताना आवाज कापत होता. नंतर सरावला. बहुतेकांनी पत्र पाहिलंच नव्हतं. दोघांना संशय आला होता, कारण बाई कधीच ‘पाहावी’ असं लिहीत नाहीत. एकीनं मात्र उघडलं होतं. नांदगावच्या शाळेत शिक्षिका असलेली आभा, इंदिराबाईंचीच जुनी विद्यार्थिनी.

वाल्मीकरावांनी फोन आपल्याकडे घेतला. “ताई, त्या लॅपटॉपचं इंटरनेट बंद करा. बाकी कशाला हात लावू नका. काही गेलंय का, हे बघायलाबी उघडू नका.” दुसऱ्या दिवशी सकाळी आभा लॅपटॉप पिशवीत घालून नाशिक रोड स्टेशनवर उतरली. तिचं नशीब बरं. तिच्या पहारेकऱ्याचे डोळे उघडे होते. फाइल उघडताक्षणीच त्यानं ती पकडून बाजूला ठेवली होती आणि कोपऱ्यात तसा निरोपही दिला होता. आभानं तो निरोप वाचलाच नव्हता.

“कोणतं अँटीव्हायरस आहे तुझं?” इंदिराबाईंनी विचारलं.

“काही नाही बाई, लॅपटॉपबरोबर आलेलं तेच. विकतचं घ्यायला हवं होतं का?”

दोघींनी वाल्मीकरावांकडे पाहिलं. ते डायरी चाळत होते.

“मी सांगतो माझं,” ते म्हणाले. “रिटायर झालो, तवा निकितानं, म्हंजी पोरीनं, तिचा जुना लॅपटॉप दिला. मला वाटलं, एकानं काय होतंय? तीन अँटीव्हायरस टाकले. एक विकतचा, दोन फुकटचे. लॅपटॉप जागचा हलंना! पान उघडायला टाकावं आन् जाऊन दूध घेऊन यावं. पंधरा दिवस मी रोज लिहून ठेवलं, कवा अडकतो, कवा सुटतो. शेवटी कळलं, तिघं पहारेकरी एकमेकांनाच चोर समजून धरत व्हते.”

आभा हसून हसून लोटपोट झाली.

“मंग एकच ठेवला, संगं आलेला. घरच्या कामाला तो पुरतो. त्याला रोज नवीन माहिती मिळू द्यायची, अपडेट म्हनलं की उद्या-उद्या करायचं नाय, आन् त्याचे डोळे बांधायचे नाय. विकतचं घेतलं तर वाईट नाय, कुनाला आनखी सोयी लागत असत्यात. पन डोळे बांधले तर विकतचाबी आंधळाच.”

त्या अपडेटबद्दल इंदिराबाईंनी खोदून खोदून विचारलं. रोज म्हणजे खरंच रोज? तर दिवसातून अनेकदा, ते म्हणाले. जगात कुठे ना कुठे माणसं बसलेली असतात, त्यांना एखाद्या नव्या लबाडीची खूण सापडली की काही तासांत ती खूण इथे जेल रोडवरच्या कॉम्प्युटरपर्यंत येऊन पोहोचते. इंदिराबाई ऐकत राहिल्या. ज्यांचं नावही आपल्याला कधी कळणार नाही, अशी माणसं कुठेतरी जागी आहेत, म्हणून नांदगावातली एक शिक्षिका वाचली. कोपऱ्यातल्या त्या छोट्या खुणेला त्या इतकी वर्षं कटकट समजत होत्या.

आभा दुपारच्या गाडीनं गेली. इंदिराबाईंच्या कॉम्प्युटरचं मात्र तेवढ्यावर भागणार नव्हतं. दोन महिने चोर घरात राहिलाय, त्यानं कुठल्या भिंतीत काय ठेवलंय, सांगता येत नाही, तेव्हा घर पाडून नवं बांधायचं, असं वाल्मीकरावांचं मत पडलं. म्हणजे फोटो आणि तक्ते तेवढे वेगळ्या डिस्कवर काढून घ्यायचे, बाकी सगळं पुसून विंडोज नव्यानं बसवायचं. एकेचाळीस हजार फोटो डिस्कवर उतरायला पुढच्या दिवसाची सकाळ आणि दुपार गेली.

वाल्मीकराव दिवसभर तिथेच बसले. फोटो उतरतात तसे ते अधूनमधून एखादा उघडून तपासत, आणि तपासायला उघडलेला फोटो बघतच राहत. “ह्यो कोन?” “मोर शराटी.” “आन् ह्यो?” “पाणभोवत्या. बदकांवर झडप घालतो.” चांदवडच्या बाजूला कांद्याच्या वावरात वाढलेल्या या माणसानं साठाव्या वर्षानंतर हे पक्षी पहिल्यांदाच पाहिले.

मध्येच इंदिराबाईंनी दोन दिवस मनात घोळत असलेलं विचारलं. “वाल्मीकराव, तो भोंगा वाजत होता, आकडे उलटे पळत होते, आणि तुम्ही हात मागे बांधून उभे. एवढं शांत राहणं जमलं कसं तुम्हाला?”

ते जरा ओशाळले. “सवय हाय ती.”

मग हळूहळू सांगितलं. आयटीआय करून ते वीजकेंद्रात मदतनीस म्हणून लागले, काही वर्षांनी कंट्रोल रूममध्ये आले. तिथे कुंदन साहेब म्हणून वरिष्ठ होते. नव्या माणसाला ते पहिला महिनाभर पॅनलसमोर हात मागे बांधून उभं करत. कशाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. एकदा त्यांनी बॉयलरच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे बोट केलं. हा आत्ता शून्यावर गेला तर काय करशील? तरुण वाल्मीक तडफेनं म्हणाला, बॉयलर बंद करीन. साहेबांनी बाजूचे दोन काटे दाखवले. एकाच पाण्याचे हे तीन काटे आहेत. दोन ठीक सांगतायत आणि एकच शून्य म्हणतोय, तर पाणी गेलंय की काटा बिघडलाय? हे बघायला तुला किती वेळ मिळेल?

“मी म्हनलं, साहेब, एक श्वास. तर म्हनले, एक श्वास लय मोठा असतो. पुरा घे. अर्ध्या श्वासात हात चालवला, तर अख्ख्या जिल्ह्याचे दिवे तुझ्या हातात हायत.”

इंदिराबाई खिडकीकडे पाहत राहिल्या. गच्चीवर गेलं की लांबवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसत. नाशिक रोडला राहायला आल्यापासून ती धुराडी आणि तो धूर त्या पाहत होत्या, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते म्हणून कुरकुरत होत्या. त्यांनी वर्गात दिवा लावला, मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली अमीबा दाखवला, घरी येऊन पंख्याखाली पेपर तपासले, तेव्हा त्या धुराखाली कुठेतरी एक माणूस हात मागे बांधून तीन काट्यांकडे बघत उभा होता. तेहतीस वर्षं. आणि अकरा वर्षं तोच माणूस त्यांच्या पायाखालच्या मजल्यावर राहत होता. त्या उठून आत गेल्या आणि उगाचच डबे उघडून चिवडा काढला.

संध्याकाळी नवं विंडोज बसलं. डिस्कवरचे फोटो वाल्मीकरावांनी आधी आपल्या लॅपटॉपवर तपासले, मगच परत घेतले. एक गोष्ट मात्र परत आली नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये इंदिराबाईंनी दोन महिने खपून दोनशे फोटो खुलवले होते, त्यांचं छापील पुस्तक करायचं मनात होतं. ते काम त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडणार नव्हतं. त्यांनी एकदा विचारून पाहिलं, फक्त तासाभरापुरतं पुन्हा बसवलं तर?

वाल्मीकराव म्हणाले, “तुमचा कॉम्प्युटर हाय, बाई. मी नाय म्हननार नाय. पन बसवनारबी नाय.”

त्या रडवेल्या झाल्या. मग त्यांनी मूळ फोटोंमधला एक चक्रवाक उघडला. धुक्यातला, फिकट, पाठीला नारिंगी नुसती चाहूल. आपण त्याला किती भडक करून ठेवला होता, ते त्यांना आठवलं. “जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “एवढा लाल तो नव्हताच.” डिस्क वायर काढून कपाटात ठेवली. महिन्यातून एकदाच लावायची, कॉपी झाली की पुन्हा काढायची, असं ठरलं.

पुढे इमारतीत ही गोष्ट पसरली आणि लोक लॅपटॉप घेऊन वाल्मीकरावांकडे येऊ लागले. बहुतेकांच्या कॉम्प्युटरला काहीच झालेलं नसे. कुणाचा भरून गेलेला, कुणाचं अपडेट वर्षभर अडवलेलं. ते तळहात ठेवून ऐकत, डायरीत लिहीत, आणि ‘काय नाय झालं’ हे सांगतानाही तेवढाच वेळ घेत.

जानेवारीत गणनेच्या दिवशी इंदिराबाईंनी त्यांना सोबत नेलं. सकाळी साडेसहाला ते चापडगावच्या बाजूनं पाण्याकाठी पोहोचले. थंडी मरणाची होती. धुकं पाण्यावर असं बसलं होतं की पलीकडचा काठच नव्हता, नुसते आवाज येत होते, हजारो. वाल्मीकरावांनी कानटोपी वर सरकवली आणि ऐकत राहिले. मग धुकं फाटलं, पण पाणी दिसतच नव्हतं, एवढी बदकं होती.

“आगं बाबौ,” ते म्हणाले.

आठच्या सुमाराला उत्तरेकडून एक रांग आली. राखाडी, मोठे पक्षी, डोक्यावर दोन काळे पट्टे. ते पंख न हलवता खाली घसरत आले आणि पाण्यावर एकामागोमाग एक टेकले.

“पट्टकदंब,” इंदिराबाई कुजबुजल्या. “हिमालयाच्या पलीकडून येतात. डोंगर ओलांडून. विमानं उडतात, तेवढ्या उंचीच्या आसपाससुद्धा यांना पाहिलंय.”

वाल्मीकरावांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचे डोळे ओले झाले होते, थंडीनं असतील. “वाट कोन दाखवतं यांना?”

इंदिराबाईंनी या प्रश्नाचं उत्तर वर्गात कितीतरी वेळा दिलं होतं. सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व, बरोबरचे जाणते पक्षी. आताही ते ओठांवर आलं. पण समोर ते पक्षी पंख मिटून, जणू शेजारच्या आळीतून आल्यासारखे शांत तरंगत होते, आणि त्यांना ते उत्तर फार तोकडं वाटलं.

“थोडं कळलंय,” त्या म्हणाल्या. “पुरतं अजून कुणालाच नाही.”

वाल्मीकरावांनी मान हलवली. त्या उत्तरानं त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

“एकशे बारा,” इंदिराबाई म्हणाल्या आणि लिहायला वाकल्या.

“चौदा,” ते म्हणाले. “दोन त्या बेटाच्या आडोशाला गेले.”

इंदिराबाईंनी पुन्हा दुर्बीण लावली. खरंच, बेटाच्या कडेला दोन माना दिसत होत्या. त्यांनी बारा खोडून चौदा लिहिलं, तेवढ्यात उत्तरेला आणखी एक रांग दिसू लागली, आणि दोघांनीही माना वर केल्या.